बॅरीमोर, ड्रू

बॅरीमोर, ड्रू ब्लाइथ : (२२ फेब्रुवारी १९७५ – ). अमेरिकन चित्रपट अभिनेत्री, निर्माती, दिग्दर्शिका, दूरचित्रवाणी सूत्रसंचालक व उद्योजिका. जन्म कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे. वडील जॉन ड्रू बॅरीमोर व आई जेड हे दोघेही अभिनयाच्या क्षेत्रातले. बालकलाकार म्हणून जगभर ओळख मिळाल्यावर व्यसनांमुळे कारकीर्द जवळजवळ संपुष्टात आलेली असताना त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि विशीतच स्वतःची निर्मितिसंस्था काढली.

बॅरीमोर हे अमेरिकन रंगभूमीवरील मातब्बर घराणे. ड्रू यांचे आजोबा जॉन बॅरीमोर आणि त्यांची थोरली भावंडे लायनेल व एथेल ही तिघेही रंगभूमीवर आणि चित्रपटांत गाजली. पणजोबा मॉरिस यांचा जन्म १८४९ मध्ये आग्रा येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव ब्लाइथ. बॅरीमोर हे नाव त्यांनी नाटकात काम करण्यासाठी घेतले. पणजी जॉर्जियाना यांचे माहेरचे आडनाव ड्रू. या दोन्ही आडनावांतून ड्रू यांचे नाव आले आहे. जॉर्जियाना यांची आई लुइझा लेन ड्रू यादेखील मूळच्या बालनटी; त्यांनी पुढे फिलाडेल्फियातील आर्च स्ट्रीट थिएटर सुमारे तीस वर्षे चालवले. बालनटीने मोठेपणी कारभार हाती घेण्याचा पायंडा या घरात असा जुनाच आहे.

ड्रू अकरा महिन्यांच्या असताना एका श्वानखाद्याच्या जाहिरातीत झळकल्या. ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ (१९८०) हा त्यांचा पहिला चित्रपट. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ (१९८२) या चित्रपटातील गर्टीच्या भूमिकेने त्या घराघरांत पोहोचल्या. या भूमिकेसाठी झालेल्या भेटीत आपला पंक रॉक बँड असल्याची थाप त्यांनी बेधडक मारली होती आणि त्या कल्पकतेवरच स्पीलबर्ग खूश झाले. त्याच वर्षी, वयाच्या सातव्या वर्षी, त्यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाचे यजमानपद भूषवले. इतक्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. ‘फायरस्टार्टर’ आणि ‘इररिकन्साइलेबल डिफरन्सेस’ (दोन्ही १९८४) हे त्यांचे यानंतरचे महत्त्वाचे चित्रपट. यांपैकी दुसऱ्यात त्यांनी आईवडिलांपासून कायदेशीर मुक्तता मागणारी मुलगी रंगवली.

पुढे हाच प्रसंग त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आला. व्यसनी वडील घरी नसत. मुलीला वाढवण्याची आणि तिची कामे सांभाळण्याची जबाबदारी एकट्या आईवर होती. रात्रीच्या पार्ट्यांत वावरणाऱ्या ड्रू यांना लहान वयातच दारू व अमली पदार्थांची सवय लागली. तेराव्या वर्षापर्यंत त्यांना व्यसनमुक्तीसाठी उपचार घ्यावे लागले. चौदाव्या वर्षी न्यायालयाने त्यांना आईच्या पालकत्वातून मुक्त केले आणि त्या स्वतंत्र राहू लागल्या. हा काळ त्यांनी ‘लिटल गर्ल लॉस्ट’ (१९९०) या आत्मकथनात मांडला आहे. ‘पॉयझन आयव्ही’ व ‘गनक्रेझी’ (दोन्ही १९९२) या चित्रपटांतून त्या प्रौढ भूमिकांकडे वळल्या. ‘स्क्रीम’ (१९९६) मध्ये नायिकेची भूमिका समोर असताना त्यांनी सुरुवातीलाच मारल्या जाणाऱ्या मुलीची भूमिका मागून घेतली. एवढी प्रसिद्ध अभिनेत्री पहिल्याच प्रसंगात मरते, या धक्क्याने चित्रपटाचा प्रारंभ गाजला.

१९९५ मध्ये नॅन्सी जुव्होनेन यांच्याबरोबर त्यांनी ‘फ्लॉवर फिल्म्स’ ही संस्था स्थापन केली. ‘नेव्हर बीन किस्ड’ (१९९९) हा संस्थेचा पहिला चित्रपट. ‘चार्लीज एंजल्स’ (२०००) मधील नायिकांनी बंदूक हाती न धरता लढावे, हा आग्रह ड्रू यांचा होता. या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. रिचर्ड केली या नवोदित दिग्दर्शकाच्या ‘डॉनी डार्को’ (२००१) मागे ही संस्था उभी राहिली आणि ड्रू यांनी त्यात शिक्षिकेची छोटी भूमिकाही केली. चित्रपटगृहांत फारसा न चाललेला हा चित्रपट पुढे डीव्हीडीमुळे निष्ठावंत प्रेक्षक मिळवून गेला. ‘५० फर्स्ट डेट्स’ (२००४) हे संस्थेचे आणखी एक मोठे यश. ‘व्हिप इट’ (२००९) द्वारे ड्रू यांनी दिग्दर्शनात पदार्पण केले. त्याच वर्षीच्या ‘ग्रे गार्डन्स’ या दूरचित्रवाणीपटातील अभिनयासाठी त्यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

२००७ पासून ‘कव्हरगर्ल’ या प्रसाधनांचा चेहरा असलेल्या ड्रू यांनी २०१३ मध्ये ‘फ्लॉवर ब्यूटी’ ही स्वतःची प्रसाधने वॉलमार्टच्या दुकानांतून बाजारात आणली. जाहिरातीवरचा खर्च वाचवून तो मालाच्या दर्जावर करायचा आणि किंमत सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशी ठेवायची, हे या व्यवसायाचे धोरण होते. वाइन, चष्मे, गृहसजावट व ‘ब्यूटिफुल’ ही स्वयंपाकघरातील उपकरणे असा त्यांचा व्यवसाय विस्तारला.

१४ सप्टेंबर २०२० पासून सीबीएसच्या वतीने ‘द ड्रू बॅरीमोर शो’ हा दिवसा प्रसारित होणारा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. २०२३ मध्ये हॉलीवूडमधील लेखकांचा संप चालू असताना तो पुन्हा सुरू करण्याचा त्यांचा निर्णय वादग्रस्त ठरला. अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार सोहळ्याच्या सूत्रसंचालनाचे त्यांना दिलेले निमंत्रणही आयोजकांनी मागे घेतले. अखेर माफी मागून ड्रू यांनी संप मिटेपर्यंत कार्यक्रम थांबवला.

हॉलीवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर २००४ मध्ये त्यांचा तारा बसवण्यात आला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने त्यांना दूत नेमले. पुढच्या वर्षी त्यांनी या कार्यक्रमाला १० लाख डॉलरांची देणगी दिली. ‘वाइल्डफ्लॉवर’ (२०१५) हे त्यांचे दुसरे आठवणींचे पुस्तक. अभिनेत्री म्हणून त्यांचा पल्ला प्रामुख्याने हलक्याफुलक्या प्रेमकथांपुरता राहिला; निर्माती म्हणून मात्र त्यांनी ‘डॉनी डार्को’सारख्या चित्रपटाची जोखीम घेतली, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम तेच ठरले.