लंडन ते काठमांडू : सॅकधारी प्रवाशांची बस

युरोपातून भूमार्गे भारतात येणाऱ्या सामूहिक बससहलींपैकी ‘इंडियामॅन’ ही आरंभीची. १५ एप्रिल १९५७ रोजी २० प्रवाशांसह लंडनहून निघालेली ही बस ५ जूनला तेव्हाच्या कलकत्त्यात पोहोचली. जातानाचे भाडे ८५ पौंड होते. परतताना मात्र ती नियोजित दिवसापेक्षा १६ दिवस उशिरा लंडनला पोहोचली.

पुढील दोन दशकांत हा मार्ग ‘हिप्पी ट्रेल’ या नावाने प्रसिद्धीस आला. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, लाहोर, दिल्ली आणि काठमांडू हे त्याचे प्रमुख टप्पे. इस्तंबूलच्या ‘पुडिंग शॉप’ या उपाहारगृहातील फलकावर सहप्रवासी शोधणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लागत. पाठीवर सॅक आणि खिशात बेताचे पैसे असणाऱ्या तरुणांना स्वस्त भाड्याबरोबरच ही आयती सोबतही हवी असे. अर्थात, न पटणारा शेजारी अनेक आठवडे सोसावा लागे, तो भाग वेगळा! पोटाचे विकार, नादुरुस्त बस आणि सीमेवरील झडती यांतून सहसा कोणी सुटत नसे. अमली पदार्थ बाळगणाऱ्यांपैकी काहींचा प्रवास तर परदेशी तुरुंगातच थांबला.

दिल्लीहून काही जण गोव्याकडे वळत. हणजूणचा बुधवारचा बाजार याच मंडळींमुळे नावारूपाला आला.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली व वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यानंतर हा मार्ग जवळजवळ बंदच पडला. काठमांडूच्या बसंतपूर चौकालगतच्या रस्त्याला त्या काळी पडलेले ‘फ्रीक स्ट्रीट’ हे नाव मात्र अद्याप रूढ आहे.