बाललैंगिक शोषणाचे गुन्हे : तपास आणि अभियोग

अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचार, त्यांचा छळ आणि अश्लील चित्रणासाठी होणारा त्यांचा वापर या अपराधांना भारतात मुख्यत्वे ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ लागू होतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेला हा कायदा ‘पोक्सो’ या संक्षिप्त नावाने गावच्या पोलीस पाटलापासून सत्र न्यायालयातील शिरस्तेदारापर्यंत सर्वांना परिचित आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा वाढवून गंभीरतम अपराधांसाठी देहान्तापर्यंत नेली. तथापि आरोपी त्या शिक्षेपर्यंत पोहोचतो की नाही, हे शिक्षेच्या कठोरतेपेक्षा पहिल्या दिवशी फिर्याद कशी लिहिली गेली, मुलाची जबानी कोणी व कोठे घेतली आणि मुद्देमालावर मोहोर केव्हा लागली, यांवरच अधिक अवलंबून असते, हे महाराष्ट्रातील खटल्यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

त्या इतिहासाचा आरंभ १९७२ च्या देसाईगंज प्रकरणापासून करणे उचित ठरेल. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी, पोलीस ठाण्याच्या आवारातच, चौदा ते सोळा वर्षे वयाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलीस शिपायांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत या गोष्टीला मोठे वजन देऊन, ती शिक्षा रद्द केली. या निर्णयाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जे अनावृत पत्र लिहिले, त्यातून उठलेल्या आंदोलनाची परिणती १९८३ च्या फौजदारी कायद्याच्या दुरुस्तीत झाली. अनाथ व निराश्रित मुलांच्या शोषणाचा प्रश्न मात्र त्यानंतरही दीर्घकाळ अस्पर्श राहिला. गोव्यात मडगाव येथे मुलांचे आश्रयगृह चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली व १९९६ मध्ये जन्मठेप झाली. मुंबईतील ‘अँकरेज’ आश्रयगृहांच्या खटल्यात दोघा ब्रिटिश नागरिकांना २००६ मध्ये झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०११ रोजी ती पुन्हा कायम केली. उच्च न्यायालयाने अविश्वसनीय मानलेली मुलांची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, हे या निकालाचे खरे महत्त्व होय.

पोक्सो कायद्याने तपासाची जी रीत घालून दिली आहे, तिचा कस मोठ्या शहरांपेक्षा नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्यात अधिक लागतो. नांदेड–देगलूर रस्त्यावरील या तालुक्यातून तेलंगणाची हद्द दूर नाही. मराठीच्या जोडीने तेलुगू व उर्दू कानी पडते, तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी असते आणि ऊसतोडीसाठी वा वीटभट्टीच्या कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून जातात. अशा मुलाची जबानी त्याच्या घरी अथवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष घ्यावी, मूल बोलते तसेच लिहून घ्यावे आणि गरज पडल्यास दुभाष्याचे साह्य घ्यावे, असे कायदा सांगतो. अत्याचार उसाच्या फडावर परजिल्ह्यात वा परराज्यात घडला असला तरी गुन्हा ‘झिरो’ने नोंदवून नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग करणे बंधनकारक आहे, ‘हा आमच्या हद्दीतला मामला नव्हे’ असे सांगून आईबापांना परत पाठविणाऱ्या अंमलदारास कायद्याचा कोणताही आधार नाही.

वयाचा पुरावा ही वरवर किरकोळ वाटणारी, परंतु अनेक खटले जिच्यावर अडखळतात अशी बाब आहे. मराठवाड्यातील शाळांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख इतक्या मुलांच्या नावापुढे आढळते, की बचावपक्षाचा वकील तिच्यावरच प्रथम बोट ठेवतो. म्हणून केवळ दाखल्यावर न विसंबता प्रथम प्रवेशाच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवही, ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि ती सिद्ध करणारे मुख्याध्यापक व ग्रामसेवक यांच्या जबान्या दोषारोपपत्राबरोबरच जोडणे हे दक्ष तपास अधिकाऱ्याचे लक्षण मानले पाहिजे.

वैद्यकीय तपासणीच्या बाबतीत विदर्भाने देशाला दिशा दिली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. सेवाग्राम येथील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांतील दोष सप्रमाण मांडले आणि २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक नियमावली काढली. ‘दोन बोटांची चाचणी’ ही अशास्त्रीय व अपमानकारक रीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा निषिद्ध ठरविली. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी व फिर्याद नोंदविलेली नसली तरी करावी, अशी पोक्सोची आज्ञा आहे. पोलिसांचे पत्र नाही म्हणून मुलीला रुग्णालयाच्या दारातून परतविणे हा केवळ निष्ठुरपणा नव्हे, तो पुरावा नष्ट होऊ देणे होय. घेतलेले नमुने मालखान्यात किती दिवस पडून राहिले, कोणत्या शिपायाने ते प्रयोगशाळेत नेले, मोहोर अखंड होती काय, या प्रश्नांची उत्तरे ठाण्याच्या रजिस्टरात नसतील, तर रासायनिक विश्लेषकाचा अनुकूल (सी. ए.) अहवालही न्यायालयात निष्प्रभ ठरतो.

मोबाइलवरील चित्रणाने या अपराधांना नवे स्वरूप दिले आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेतील एका संस्थेशी केलेल्या करारानुसार समाजमाध्यमांवर आढळलेल्या अशा चित्रणाची माहिती राज्यांच्या पोलिसांकडे येऊ लागली, आणि असे चित्रण जवळ बाळगणे व पाहणे यासंबंधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी कठोरपणे स्पष्ट केला. परंतु जप्त मोबाइलमधील चित्रणाची प्रत पुराव्यात आणावयाची तर तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र हवे. याविषयीचा २०२० चा प्रमाणभूत निर्णय मराठवाड्यातीलच, जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेला आहे. पंचनाम्याच्या वेळी हे प्रमाणपत्र विसरले गेले, तर ती उणीव पुढे भरून काढणे जिकिरीचे होते.

माहिती दडविणाऱ्यांचा प्रश्न स्वतंत्र विचारास पात्र आहे. कायद्याच्या कलम १९ अन्वये अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळविण्याचे बंधन असूनही शाळा, वसतिगृह आणि भावकी प्रथम ‘अब्रू’ची चिंता करतात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टराविरुद्धची फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुनरुज्जीवित केली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतील दोन चिमुकल्या मुलींच्या बाबतीत फिर्याद नोंदविण्यास झालेल्या विलंबाने लोकक्षोभ उसळला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परंतु पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावल्याने त्याच्यावरील आरोप साक्षीपुराव्याच्या कसोटीवर कधीच तपासले गेले नाहीत. त्या मृत्यूचे जे स्वागत झाले, त्यात मुलींना न्याय मिळाल्याचे समाधान शोधणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. उलट नांदेड जिल्ह्यातच, भोकर तालुक्यात, जानेवारी २०२१ मध्ये घडलेल्या बालिकेच्या अत्याचार व हत्येच्या खटल्याचा निकाल सत्र न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला, यावरून रीतसर न्यायही शीघ्र होऊ शकतो हे दिसते.

न्यायालयात मुलाला आरोपी दिसू नये, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत, मुलास वारंवार बोलावू नये आणि दखल घेतल्यापासून तीस दिवसांत त्याची साक्ष नोंदवावी, अशा तरतुदी आहेत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचा आदेश दिला. दरम्यानच्या काळात गावात तडजोडीचा जो दबाव येतो, त्यामुळे साक्षीदार फितूर होतात. यावरील उपाय म्हणजे दंडाधिकाऱ्यांसमोरील जबाब त्वरेने नोंदविणे आणि २०२० च्या नियमांनुसार कुटुंबासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणारी सहाय्यक व्यक्ती नेमणे. ही व्यक्ती मुलाला साक्षीची तारीख कळविते, त्याच्यासोबत न्यायालयात जाते आणि ‘मनोधैर्य’ योजनेतील अर्थसाहाय्याचा अर्जही मार्गी लावू शकते. तिची नेमणूक बालकल्याण समिती करते. आणि समितीला घटना कळावी म्हणून पोलीस ठाण्याने चोवीस तासांच्या आत तिला अहवाल पाठविणे कायद्याने आवश्यक केले आहे.