संग्राहकांना ‘अर्कहॅम हाउस’ कसे सापडते?

भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या बहुतेक कथा ‘वीअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. मोठ्या प्रकाशकांनी संग्रह नाकारला. म्हणून ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे या त्यांच्या पत्रमित्रांनी १९३९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या सॉक सिटी गावातून ‘अर्कहॅम हाउस’ सुरू केले. पहिल्या पुस्तकाच्या प्रती होत्या फक्त १,२६८. किंमत ५ डॉलर. त्या संपायलाही सुमारे चार वर्षे लागली.

सुरुवातीच्या ग्राहकांना हे नाव मासिकातल्या जाहिरातींतून कळले. नंतरचे संग्राहक बहुधा आवडत्या लेखकाच्या मागोमाग इथे पोहोचतात. रे ब्रॅडबरी यांचे पहिले पुस्तक ‘डार्क कार्निव्हल’ (१९४७) याच संस्थेचे. ‘सायको’चे लेखक रॉबर्ट ब्लॉक यांचा कथासंग्रहही तिने १९४५ मध्ये काढला.

एक पुस्तक हाती आले की शेवटचे पान पाहावे. अनेक पुस्तकांत तिथे छापील प्रतींचा आकडा दिलेला असतो. तो इतका लहान असतो की वाचक उरलेली पुस्तके शोधू लागतो. लव्हक्राफ्ट आज जगभर वाचले जातात, त्यामागे या मोजक्या प्रतींचा मोठा वाटा आहे.