सिम लॉक

सिम लॉक म्हणजे भ्रमणध्वनी संच ठरावीक दूरसंचार कंपनीच्या सिम कार्डावरच चालावा, यासाठी त्या संचाच्या प्रणालीत घातलेले तांत्रिक बंधन होय. असे बंधन असलेल्या संचाला कुलूपबंद किंवा ‘लॉक्ड’ फोन, तर बंधन नसलेल्या संचाला खुला किंवा ‘अनलॉक्ड’ फोन म्हणतात. बंधन काढून टाकण्याच्या क्रियेस ‘अनलॉक करणे’ अशी संज्ञा रूढ आहे. दूरसंचार कंपन्या फोन सवलतीत विकतात आणि सवलतीची रक्कम पुढील सेवाशुल्कातून वसूल करतात; ती वसूल होण्यापूर्वी ग्राहकाने फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, हा सिम लॉकचा मूळ हेतू आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रीपेड स्मार्टफोनांच्या बाबतीत ही पद्धत विशेष प्रचलित आहे. विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क कितपत चालतो, हा प्रश्न तेथे या निमित्ताने न्यायालयांत आणि विधिमंडळात चर्चिला गेला.

आर्थिक पार्श्वभूमी

पोस्टपेड सेवेत ग्राहकाशी लेखी करार होतो, त्याची पत तपासली जाते आणि करार मोडल्यास दंड आकारता येतो. प्रीपेड सेवेत यांपैकी काहीच नसते. ग्राहक दुकानातून फोन रोखीने विकत घेतो आणि हवे तेव्हा रिचार्ज थांबवू शकतो. त्यामुळे कंपनीने दिलेल्या सवलतीला फोनमधील कुलूप हेच प्रमुख तारण ठरते. अमेरिकेत ट्रॅकफोन, स्ट्रेट टॉक, क्रिकेट वायरलेस, मेट्रो बाय टी-मोबाइल आणि बूस्ट मोबाइल या नाममुद्रांचे प्रीपेड फोन वॉलमार्ट, टार्गेट यांसारख्या दुकानांत मिळतात. त्यांची किंमत बहुधा त्याच प्रतीच्या खुल्या फोनपेक्षा कमी असते.

किमतीतील हा फरक म्हणजे पूर्ण बचत नव्हे. उदाहरणादाखल, एक कुलूपबंद फोन ५० डॉलरना आणि तसाच खुला फोन १८० डॉलरना मिळतो असे मानू. कुलूपबंद फोनसाठी दरमहा ४० डॉलरची योजना घ्यावी लागते आणि खुल्या फोनवर दुसऱ्या कंपनीची २५ डॉलरची योजना चालते. कुलूप सहा महिन्यांनी उघडत असेल तर पहिल्या पर्यायाचा एकूण खर्च २९० डॉलर, दुसऱ्याचा ३३० डॉलर होतो. मुदत बारा महिन्यांची असेल तर हेच आकडे अनुक्रमे ५३० आणि ४८० डॉलर होतात. म्हणजेच फोन स्वस्त पडला की महाग, हे छापील किमतीपेक्षा कुलुपाच्या मुदतीवर आणि त्या काळातील सेवाशुल्कावर अवलंबून असते.

तांत्रिक स्वरूप

प्रत्येक सिम कार्डात ग्राहकाची आंतरराष्ट्रीय ओळख दर्शविणारा क्रमांक साठविलेला असतो. त्यातील पहिले तीन अंक देशाचा आणि त्यापुढील दोन किंवा तीन अंक कंपनीच्या नेटवर्कचा संकेतांक दर्शवितात. भारतासाठी ४०४ व ४०५ हे देशसंकेतांक वापरात आहेत. अमेरिकेत एटी अँड टीच्या सिमवर ३१० ४१० आणि टी-मोबाइलच्या सिमवर ३१० २६० हे संकेतांक आढळतात.

फोन सुरू होताना हा क्रमांक वाचतो आणि आपल्या स्मृतीतील परवानगी असलेल्या संकेतांकांशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत तर नेटवर्कवर नोंदणी होत नाही आणि पडद्यावर ‘सिम अवैध’ अशा आशयाचा संदेश किंवा अनलॉक संकेतांक मागणारी चौकट दिसते. असा फोन वाय-फायवर चालतो. त्यावरून आपत्कालीन क्रमांकही सामान्यतः लागतो. या बंधनाचे तपशील भ्रमणध्वनींच्या आंतरराष्ट्रीय मानकांत दिलेले आहेत. त्यानुसार फोन संपूर्ण नेटवर्कशी, नेटवर्कच्या एखाद्या भागाशी, त्यावर सेवा देणाऱ्या उपकंपनीशी, एखाद्या संस्थेशी किंवा एकाच सिम कार्डाशी बांधता येतो.

अनलॉक करण्याच्या पद्धती

संकेतांकाद्वारे: प्रत्येक संचाला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो, *#०६# ही कळ दाबून तो पाहता येतो. कंपनी या क्रमांकाच्या आधारे अनलॉक संकेतांक पुरविते. नोकियाच्या जुन्या संचांत हा संकेतांक आयएमईआयवरून गणिताने काढता येत असे. ती रीत उघड झाल्यावर संकेतांक हिशेबाने काढून देणाऱ्या आज्ञावल्या सर्रास मिळू लागल्या. पुढे उत्पादकांनी यादृच्छिक संकेतांक वापरून ही वाट बंद केली. चुकीचा संकेतांक भरण्याच्या संधी मर्यादित असतात. त्या संपल्यास संकेतांकाचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो.

सर्व्हरद्वारे: आयफोनमध्ये संकेतांक भरावा लागत नाही. कंपनीने मंजुरी दिल्यावर ॲपलच्या नोंदीत तो संच खुला म्हणून नोंदला जातो आणि पुढील सक्रियीकरणाच्या वेळी कुलूप निघते. अलीकडील आयफोनांत सेटिंग्जमधील माहितीच्या पानावर सिमविषयक निर्बंध आहेत की नाहीत हे दिसते. काही अँड्रॉइड संचांत कंपनीने आधीच घातलेल्या ॲपमधून अनलॉकची मागणी नोंदविता येते.

मध्यस्थ चिपद्वारे: सिम कार्ड आणि फोन यांच्यामध्ये एक पातळ चिप बसवून फोनला वेगळा संकेतांक दाखविला जातो. यात मूळ कुलूप तसेच राहते. प्रणालीच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर ही युक्ती निष्प्रभ ठरू शकते.

इतर बंधनांशी असलेला फरक

सिम लॉकची गल्लत अनेकदा अन्य कुलुपांशी केली जाते. पडद्याचा पिन, गुगल किंवा ॲपल खात्याशी जोडलेले चोरीविरोधी बंधन आणि प्रणाली बदलण्यास अटकाव करणारे बूटलोडरचे कुलूप या तिन्ही गोष्टी सिम लॉकपासून वेगळ्या आहेत. चोरीची नोंद झाल्यामुळे किंवा हप्ते थकल्यामुळे काळ्या यादीत गेलेला फोन सिम लॉक काढूनही ती यादी पाळणाऱ्या नेटवर्कवर चालत नाही. म्हणून वापरलेला फोन घेताना या बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

अमेरिकेतील कायदेशीर स्थिती

अमेरिकेत हा विषय दूरसंचार कायद्याइतकाच स्वामित्वहक्क कायद्याशी निगडित राहिला. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार, स्वामित्वहक्क असलेल्या कृतीचे रक्षण करणारी तांत्रिक योजना भेदणे निषिद्ध आहे. फोनमधील प्रणाली ही अशी कृती आणि सिम लॉक ही तिचे रक्षण करणारी योजना, असा अर्थ लावला जाऊ शकत होता. या कायद्यातून सूट देण्याचा विचार लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ग्रंथपाल दर तीन वर्षांनी करतात. फोन अनलॉक करण्यास २००६ मध्ये अशी सूट मिळाली आणि २०१० मध्ये ती पुन्हा देण्यात आली.

ऑक्टोबर २०१२ मधील निर्णयात मात्र ही सूट २६ जानेवारी २०१३ पर्यंत घेतलेल्या फोनांपुरतीच ठेवण्यात आली. त्यानंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीविना अनलॉक करणे बेकायदेशीर ठरण्याची शक्यता निर्माण झाली. या निर्णयाविरुद्ध व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर दाखल झालेल्या अर्जाला एक लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या आणि मार्च २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने अर्जदारांच्या बाजूने मत दिले. डिसेंबर २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या सीटीआयए या संघटनेमार्फत स्वेच्छेने काही तत्त्वे मान्य केली. प्रीपेड फोन सक्रिय झाल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षात, वाजवी अटींच्या अधीन राहून अनलॉक करून द्यावा, तसेच ग्राहकाच्या मागणीला दोन कामकाजाच्या दिवसांत प्रतिसाद द्यावा, ही त्यांतील महत्त्वाची तत्त्वे होती.

१ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी अनलॉकिंग कन्झ्युमर चॉइस अँड वायरलेस कॉम्पिटिशन कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने पूर्वीची सूट पुन्हा लागू झाली आणि मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या व्यक्तीलाही फोन अनलॉक करून देण्याची मुभा मिळाली. तथापि, कंपन्यांनी फोन अनलॉक करून दिलेच पाहिजेत असे बंधन या कायद्यात नाही. त्यामुळे मुदती कंपनीनुसार वेगळ्या राहिल्या. क्रिकेट वायरलेसने अनेक वर्षे सहा महिन्यांच्या सशुल्क सेवेची अट ठेवली होती. रेडिओ लहरींच्या लिलावातील अटींमुळे व्हेरायझनवर मात्र वेगळी बंधने होती. २०१९ मध्ये संघराज्यीय दळणवळण आयोगाने तिला फोन ६० दिवस कुलूपबंद ठेवण्याची परवानगी दिली. अशा अटी वेळोवेळी बदलत असल्याने फोन सक्रिय करण्याच्या दिवशी लागू असलेला कंपनीचा मसुदा महत्त्वाचा ठरतो.

घाऊक व्यापार आणि फसवणूक

सवलतीच्या प्रीपेड फोनांचा गैरफायदा घेणारा व्यापारही उभा राहिला. दुकानांतून असे फोन मोठ्या संख्येने विकत घ्यायचे, वेष्टन काढून ते अनलॉक करायचे आणि अधिक किमतीला विकायचे किंवा परदेशी पाठवायचे, अशी त्याची रीत होती. ट्रॅकफोन कंपनीने अशा व्यापाऱ्यांविरुद्ध अनेक दावे दाखल केले. एका व्यक्तीस किती फोन विकावेत यावर काही दुकानांनी घातलेली मर्यादा याच कारणाने आहे.

एटी अँड टीशी संबंधित एका खटल्यात कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन सुमारे १९ लाख फोन बेकायदा अनलॉक केल्याचे सिद्ध झाले. कंपनीचे नुकसान २० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगण्यात आले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सूत्रधारास १२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. आपल्या मालकीचा एक फोन अनलॉक करणे आणि कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव करून फोन अनलॉक करणे यांत कायदा स्पष्ट भेद करतो.

इतर देशांतील स्थिती

अनेक देशांनी सिम लॉकवर थेट निर्बंध घातले आहेत. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन खुलेच विकावे लागतात आणि जुने फोन अनलॉक करण्यासाठी शुल्क घेता येत नाही. जपानमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून सिम लॉकला तत्त्वतः मनाई आहे. युनायटेड किंग्डममध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने १७ डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोनांच्या विक्रीवर बंदी घातली. जर्मनीत २००७ मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे टी-मोबाइलला काही दिवस खुला आयफोन विकावा लागला. करारासह ३९९ युरोंना मिळणाऱ्या त्या फोनची खुली किंमत ९९९ युरो होती.

भारतातील स्थिती

भारतात खुले फोन विकत घेण्याचीच पद्धत रुजली; तथापि काही अपवाद महत्त्वाचे आहेत. रिलायन्स इन्फोकॉमने २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून फोन देण्यास सुरुवात केली. हे फोन सीडीएमए तंत्रज्ञानाचे होते. त्यांपैकी अनेकांत सिम कार्ड नव्हतेच. क्रमांक फोनमध्येच नोंदलेला असल्याने ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नसत. २० जानेवारी २०११ रोजी क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली. पण जीएसएम सेवेकडे जाणाऱ्या अशा ग्राहकांना नवा संच घ्यावाच लागला.

२२ ऑगस्ट २००८ रोजी व्होडाफोन आणि एअरटेल यांनी आयफोन ३जी विक्रीस आणला. त्याची ८ जीबी आवृत्ती ३१,००० रुपयांना होती. अमेरिकेत हाच फोन दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळत असे. भारतात किमतीत तशी सवलत नसतानाही तो कंपनीशी बांधलेला होता. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन १,५०० रुपयांच्या परतफेडीयोग्य अनामत रकमेवर मिळत असे आणि त्यात केवळ जिओचे सिम चालत असे.

अमेरिकेतून आणलेल्या फोनांमुळेही हा विषय भारतीय ग्राहकांपर्यंत पोहोचतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे गेलेल्या व्यक्ती मायदेशी फोन पाठवितात. तो प्रीपेड कुलूपबंद फोन असल्यास येथे कोणतेही सिम त्यात चालत नाही. पुष्कळ कंपन्यांच्या अटींनुसार फोन अमेरिकेतील नेटवर्कवर ठरावीक काळ सक्रिय असावा लागतो. त्यामुळे न वापरलेला, वेष्टनातील फोन भारतात आणल्यास अधिकृतपणे अनलॉक करून मिळणे कठीण होते.

नेटवर्कशी सुसंगतता

अनलॉक झालेला फोन प्रत्येक नेटवर्कवर चालेलच असे नाही. सिम लॉक काढल्याने केवळ परवानगीचा अडसर दूर होतो. फोनमधील रेडिओ यंत्रणा कोणत्या लहरी ग्रहण करू शकते, हे त्यामुळे बदलत नाही. भारतात फोर-जीसाठी ३, ५, ८ आणि ४० या क्रमांकांचे पट्टे प्रामुख्याने वापरात आहेत. अमेरिकी बाजारासाठी बनविलेल्या काही स्वस्त फोनांत ४० क्रमांकाचा पट्टा नसतो. जिओचे टू-जी किंवा थ्री-जी नेटवर्क नसल्याने त्यावर साधा कॉल करण्यासाठीही फोनमध्ये फोर-जीवरून आवाज वाहून नेण्याची, म्हणजे व्होल्टीची, सोय लागते. अमेरिकेतील तिन्ही प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली थ्री-जी सेवा बंद केल्याने तेथेही हीच अट निर्णायक ठरली.

यामुळे फोन घेण्यापूर्वी अनलॉकची मुदत, त्या काळातील एकूण सेवाशुल्क, आयएमईआयची स्थिती आणि ज्या नेटवर्कवर तो वापरायचा आहे त्याचे पट्टे, या चार गोष्टींचा एकत्रित विचार आवश्यक मानला जातो.

हेही पहा

सिम कार्ड
आयएमईआय
भ्रमणध्वनी क्रमांक सुवाह्यता
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण