अ‍ॅम्प प्रोफाइलिंग

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरमधून जाताना जसा बदलतो, तो बदल मोजून डिजिटल यंत्रात साठवायचा आणि पुढे मूळ अ‍ॅम्प जवळ नसतानाही त्याच नादात वाजवायचे, या तंत्राला अ‍ॅम्प प्रोफाइलिंग म्हणतात. काही उत्पादक यालाच कॅप्चर म्हणतात. यंत्रात साठते ते कुणी वाजवलेले संगीत नव्हे. गिटारकडून आलेल्या कोणत्याही सिग्नलचे ती साखळी काय करील, याचा गणिती नमुना तिथे राहतो. म्हणून वादक नवे काहीही वाजवू शकतो आणि ते त्या अ‍ॅम्पमधून आल्यासारखे ऐकू येते. साखळीत अ‍ॅम्पबरोबरच स्पीकर, त्याचा लाकडी खोका आणि समोरचा मायक्रोफोन येतो. मोजणीच्या वेळी अ‍ॅम्पचे नॉब कुठे होते हेही येते. त्यामुळे प्रोफाइल हे एखाद्या मॉडेलचे नसते. ते एका विशिष्ट अ‍ॅम्पच्या एका विशिष्ट मांडणीचे असते. या तंत्राचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही इथूनच येतात.

गिटारचा अ‍ॅम्प हा आवाज जसाच्या तसा मोठा करणारा ध्वनिवर्धक नाही, तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. तारेखालच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल आधी ईसीसी८३ सारख्या छोट्या व्हॉल्व्हमधून आणि मग ईएल३४ किंवा ६एल६ सारख्या मोठ्या व्हॉल्व्हमधून वाढवला जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरकडे जातो. सिग्नल व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेर गेला की लहरींचे माथे चपटे होतात आणि मुळात नसलेले संनादी स्वर तयार होतात. वादक ज्याला ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. शिवाय जोरदार आघात झाला की अ‍ॅम्पच्या आतला वीजदाब क्षणभर खाली येतो आणि सावकाश सावरतो. या सॅगमुळे सूर आधी दबून मग फुलल्यासारखा वाटतो. म्हणजे अ‍ॅम्पचे वागणे आत्ताच्या सिग्नलवर तर अवलंबून असतेच, पण थोड्या वेळापूर्वी काय वाजले यावरही असते. शेवटी बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गाळतो. तो गाळला नाही, तर उत्तम अ‍ॅम्पचे डिस्टॉर्शनही कर्कश लागते.

लहान फरकांनी नाद किती बदलतो याचे इतिहासातले ठळक उदाहरण लंडनचे आहे. जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जेटीएम४५ हा अ‍ॅम्प तयार झाला तो फेंडर कंपनीच्या बासमन ५एफ६-ए या अमेरिकी अ‍ॅम्पचे सर्किट जवळजवळ तसेच उचलून. मात्र व्हॉल्व्ह वेगळे, ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि फेंडरच्या मागून उघड्या खोक्याऐवजी चार स्पीकरांचा बंद खोका. तेवढ्याने ब्रिटिश रॉकचा स्वतंत्र आवाज उभा राहिला. एकाच मॉडेलचे दोन जुने अ‍ॅम्पही सारखे वाजतातच असे नाही. त्या काळच्या रेझिस्टरांच्या मूल्यात दहा-वीस टक्क्यांचा फरक चालत असे, आणि पुढे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती मूल्ये आणखी सरकली. सर्किटचा नकाशा हाती असला म्हणून एखाद्या स्टुडिओतला नेमका तो अ‍ॅम्प हाती येत नाही.

अ‍ॅम्पशिवाय अ‍ॅम्पचा नाद मिळवण्याचे प्रयत्न प्रोफाइलिंगच्या आधीपासून चालू होते. टेक २१ कंपनीचा सॅन्सअ‍ॅम्प (१९८९) पूर्णपणे अ‍ॅनालॉग होता. रोलंडच्या व्हीजी-८ (१९९५) पासून डिजिटल नमुन्यांचे युग सुरू झाले. लाइन ६ चा अ‍ॅक्सिस २१२ हा अ‍ॅम्प १९९६ मध्ये आणि घेवड्याच्या बीसारख्या आकाराचा लाल पॉड १९९८ मध्ये आला. फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्सने २००६ पासून ही पद्धत व्यावसायिक स्टुडिओंपर्यंत नेली. या यंत्रांत अभियंता एखाद्या अ‍ॅम्पचे सर्किट अभ्यासून त्याचे गणित लिहितो आणि वादक तयार यादीतून निवड करतो. यादीत नसलेला अ‍ॅम्प मिळत नाही, आणि स्वतःच्या घरातला तर नाहीच.

ही अडचण सोडवली जर्मनीच्या ख्रिस्टोफ केम्पर यांनी. अ‍ॅक्सेस व्हायरस या गाजलेल्या सिंथेसायझरचे ते जनक. रेक्लिंगहाउझेन येथील त्यांच्या कंपनीने २०११ मध्ये केम्पर प्रोफाइलर पुढे आणला. अ‍ॅम्पच्या आत काय आहे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. तो बाहेरून प्रश्न विचारतो आणि मिळालेल्या उत्तरांवरून नमुना बांधतो.

मोजणीची मांडणी साधी आहे. प्रोफाइलरच्या एका आउटपुटमधून केबल अ‍ॅम्पच्या इनपुटला जाते, स्पीकरसमोरच्या मायक्रोफोनचा सिग्नल परत प्रोफाइलरच्या रिटर्न इनपुटला येतो आणि गिटार प्रोफाइलरला जोडलेली असते. अ‍ॅम्पमधला रिव्हर्ब, ट्रेमोलो वगैरे आधी बंद करतात. अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ आहे की डिस्टॉर्शनचा, हे यंत्राला सांगून सुरुवात केली की अ‍ॅम्पमधून खरखर, सरकत जाणारे सूर आणि तुटक ठोके असे चमत्कारिक आवाज येऊ लागतात. मिनिटाभरात ते थांबतात. या चाचणीत कमी पातळीवरचे सिग्नल साखळीचा गाळणीसारखा, म्हणजे कोणती वारंवारता किती वर येते हा भाग उघड करतात. पातळी वाढत गेली की व्हॉल्व्ह कुठे आणि कसे चेपू लागतात ते कळते. यानंतरची पायरी रिफाइनिंगची. वादक स्वतःच्या गिटारवर वीसेक सेकंद भरदार कॉर्ड वाजवतो आणि यंत्र त्या खऱ्या वाजवण्याशी आपला नमुना ताडून सुधारते. मग एका बटणावर मूळ अ‍ॅम्प आणि दुसऱ्यावर नमुना अशी आळीपाळीने तुलना करता येते. दोन्ही एकाच मॉनिटरमधून ऐकू येत असल्याने ही तुलना प्रामाणिक असते. खालच्या तारांचा जोर आणि सूर विरत जातानाची खरखर या दोन ठिकाणी फरक असलाच तर आधी सापडतो.

अशा नमुन्याची सर्वसाधारण बांधणी तीन थरांची असते: आधी एक गाळणी, मध्ये लहरींना चेपणारा अरेषीय भाग, शेवटी दुसरी गाळणी. पहिल्या गाळणीत अ‍ॅम्पचे सुरुवातीचे टप्पे येतात, शेवटच्या गाळणीत स्पीकर आणि मायक्रोफोन. स्पीकरचा भाग जवळजवळ रेषीय असल्याने तो इम्पल्स रिस्पॉन्सच्या, म्हणजे क्षणिक ठोक्याला मिळणाऱ्या प्रतिसादाच्या, रूपात वेगळा मोजता येतो. यासाठी खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एकच लांब सूर वाजवून मोजण्याची रीत अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडली, आणि आज स्पीकरांचे इम्पल्स रिस्पॉन्स बहुधा त्याच रीतीने घेतले जातात. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (सिग्नल थेट यंत्राकडे वळवणारा जोड) लावून केवळ अ‍ॅम्पचे प्रोफाइलही घेता येते. ते पुढे खऱ्या स्पीकरमधून वाजवायचे असेल तर हाच मार्ग योग्य. अ‍ॅम्पचा आवाज खोलीत होऊ द्यायचा नसेल तर स्पीकरऐवजी त्याचा विद्युत भार आवाज न करता पेलणारा लोड बॉक्स लावतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरे वळण न्यूरल नेटवर्कचे. डीपमाइंडने २०१६ मध्ये मानवी आवाज निर्माण करण्यासाठी वेव्हनेट ही रचना प्रसिद्ध केली. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी ती अ‍ॅम्पला लावून पाहिली. ब्लॅकस्टार एचटी-५ मेटल आणि मेसा बूगी ५:५० प्लस या दोन व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे नमुने त्यांनी केले, आणि असे नेटवर्क शिकवायला तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पुरते हे २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधात दाखवले. फिनलंडमधल्याच हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपी कंपनीने २०२० मध्ये क्वाड कॉर्टेक्स जाहीर केला, इटलीच्या आयके मल्टिमीडियाने २०२२ मध्ये टोनेक्स आणला. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचे न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. त्यामुळे महागडे यंत्र न घेताही कॅप्चर करणे शक्य झाले. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची घटना हीच म्हणावी लागेल.

या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक चाचणी फाइल ऑडिओ इंटरफेसमधून अ‍ॅम्पकडे पाठवली जाते आणि परत आलेला आवाज ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित होतो. मध्ये रीअ‍ॅम्प बॉक्स लागतो. इंटरफेसचा सिग्नल गिटारच्या सिग्नलहून जोरकस असतो, आणि अ‍ॅम्पच्या इनपुटला ज्या प्रकारच्या स्रोताची अपेक्षा असते तसा तो नसतो. हा बॉक्स दोन्ही दुरुस्त करतो. मग पाठवलेला आणि परत आलेला आवाज यांची जोडी नेटवर्कला शेकडो वेळा दाखवून त्याचे अंतर्गत गुणांक घडवले जातात. नमुन्याची चूक मोजतात ती चुकीच्या ऊर्जेचे मूळ सिग्नलच्या ऊर्जेशी असलेले गुणोत्तर काढून. ते ०.०१ च्या खाली, म्हणजे एक टक्क्याच्या आत आले की नमुना चांगला समजतात. हा आकडा जपून वाचावा लागतो. स्वच्छ आवाजाच्या अ‍ॅम्पला तो सहज खाली येतो, घनदाट डिस्टॉर्शनला येत नाही. म्हणून दोन वेगळ्या अ‍ॅम्पच्या कॅप्चरची तुलना केवळ त्यावरून करणे चूक ठरते.

मर्यादा स्पष्ट आहेत. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरची प्रमाण रचना एका वेळी मागच्या सुमारे ८५ मिलिसेकंदांचाच सिग्नल पाहते. त्याहून सावकाश सावरणारा सॅग तिला अर्धवटच सापडतो. रिव्हर्ब आणि डिले तर पकडता येतच नाहीत. कोरस, ट्रेमोलो यांसारखे वेळेनुसार फिरणारे परिणामही कॅप्चरमधून वगळावे लागतात. फझ पेडलची अडचण वेगळी आहे. फझ फेससारखे पेडल गिटारच्या पिकअपशी विद्युतदृष्ट्या जोडले जाते आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की त्याचे वागणे बदलते. मोजणीच्या वेळी पिकअपच्या जागी रीअ‍ॅम्प बॉक्स असल्याने ही देवघेव नमुन्यात उतरत नाही.

वादकाला सर्वांत जाणवणारी मर्यादा नॉबची. मूळ अ‍ॅम्पचा ट्रेबल अर्ध्यावर असताना घेतलेले प्रोफाइल पूर्ण ट्रेबलला तो अ‍ॅम्प कसा वाजतो हे सांगू शकत नाही. यंत्रावरचा ट्रेबल फिरवला तर बदल होतो, पण तो मूळ अ‍ॅम्पच्या रीतीने नव्हे. केम्परने २०२३ मध्ये लिक्विड प्रोफाइलिंग आणून प्रसिद्ध अ‍ॅम्पचे टोन नियंत्रण गणिताने जोडून दिले, तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली. तरी एकाच अ‍ॅम्पची वेगवेगळ्या नॉबवर अनेक प्रोफाइले घेऊन ठेवण्याची जुनी सवय टिकून आहे, आणि ती शहाणपणाचीच आहे.

प्रोफाइल चांगले होईल की नाही हे बहुतांशी यंत्रापेक्षा मायक्रोफोन लावणाऱ्याच्या कानावर ठरते. स्टुडिओत सर्रास वापरला जाणारा शुअर एसएम५७ स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर ठेवला तर आवाज टोकदार येतो. कडेकडे सरकवला तर गडद आणि मऊ होतो. इंचभर सरकल्याने पडणारा फरक अ‍ॅम्पचा नॉब बराच फिरवण्याइतका मोठा असतो. कापडी जाळीला भिडवून ठेवल्यास खालच्या वारंवारता फुगतात. दोन मायक्रोफोन वापरायचे तर दोघांचे स्पीकरपासूनचे अंतर जुळवावे लागते, नाहीतर काही वारंवारता एकमेकींना मारतात. प्रोफाइल हे सगळे निमूटपणे टिपते, चुकीसकट. हे ध्यानात न घेतल्यामुळे नव्या वादकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, की नमुना खोलीतल्या अ‍ॅम्पसारखा लागत नाही. तो लागणारही नाही. खोलीत कान स्पीकरपासून दूर आणि त्याच्या रोखाबाहेर असतो, तर प्रोफाइलमध्ये स्पीकरपासून दोन-चार सेंटिमीटरवरच्या मायक्रोफोनचा आवाज आहे. तबकडीवर ऐकू येणारा आवाज हा दुसरा.

प्रत्यक्ष वाजवताना सिग्नल यंत्रातून जाऊन परत येण्यास काही मिलिसेकंद लागतात. तीन मिलिसेकंद म्हणजे आवाजाला हवेतून एक मीटर जाण्यास लागणारा वेळ, म्हणजे वादकाने अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे उभे राहण्याइतका. हाताला तो खुपत नाही.

दौऱ्यावरच्या बँडसाठी हे तंत्र मुळापासून उपयोगी ठरले. व्हॉक्स एसी३० चा सध्याचा दोन स्पीकरांचा प्रकार तीस किलोहून जड आहे आणि केम्परचे मूळ हेड साडेपाच किलोच्या आत. रोज रात्री तोच आवाज थेट ध्वनियंत्रणेला देता येतो, मंचावरचा गोंगाट कमी होतो. भारतात आणखी एक सोय होते: अमेरिकेत १२० व्होल्टसाठी बनलेला जुना अ‍ॅम्प इथल्या २३० व्होल्टवर चालवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचे प्रोफाइल मात्र कुठल्याही विजेवर तसेच वाजते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये शंभर वॉटचा मार्शल त्याच्या खऱ्या जोरावर वाजवणे शेजारधर्माला धरून नाही. हेडफोनमध्ये तो मध्यरात्रीही वाजवता येतो.

प्रोफाइले फाइलच्या रूपात असल्याने ती वाटली जातात, विकलीही जातात, आणि त्यातून प्रोफाइल बनवणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. अ‍ॅम्पची नावे नोंदणीकृत व्यापारचिन्हे असल्यामुळे विक्रेते आणि यंत्र-उत्पादक पुष्कळदा मूळ नाव न लिहिता ब्रिटिश, अमेरिकन, ट्वीड अशी सूचक नावे देतात. फाइलबरोबर अ‍ॅम्पचे वर्ष, स्पीकर, मायक्रोफोन, नॉबच्या जागा आणि इनपुटची पातळी लिहून ठेवणारे निर्माते अधिक विश्वासार्ह समजले जातात. इनपुटची पातळी विशेष महत्त्वाची, कारण कॅप्चर ज्या जोराच्या सिग्नलवर घेतले त्याहून जोरकस किंवा मंद सिग्नल दिला तर डिस्टॉर्शनचे प्रमाण बदलते आणि चांगला नमुनाही बिघडल्यासारखा वाटतो.