मॅटाडोरचं खानदान

१९४९ साली हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातल्या विडाल आणि पुत्र यांच्या कारखान्यातून 'टेम्पो मॅटाडोर' बाहेर पडली. इंजिन फोक्सवॅगनचं, ओढ पुढच्या चाकांची. मागे प्रोपेलर शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही, त्यामुळे हौद्याचा तळ जमिनीपासून थोड्याच उंचीवर. हमालाला पोतं फार वर उचलावं लागू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. पण चाकांवर घर बांधणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं: आत ताठ उभं राहता यावं आणि गाडी वळणावर कलंडू नये.

अमेरिकेत रे फ्रँकने १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपली चाकांवरची घरं, म्हणजे मोटारहोम, डॉजच्या ट्रक-चासीवर उभी केली. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, खाली पाटे, मधून शाफ्ट. वजन कितीही टाका, कुरकुर नाही. पण घराची जमीन आपोआप उंच जाते. फोक्सवॅगनच्या बसला (१९५०) वेगळी चौकट नव्हतीच, बॉडी आणि तळ एकजीव. वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये तिच्यात झोपायची सोय केली. पण इंजिन मागे असल्याने तिथली जागा अडलेली राहिली. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये खास मोटारहोमसाठी पुढच्या चाकांच्या ओढीची चासी केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ती सर्वांत देखणी कल्पना, आणि ती १९७८ मध्ये बंद पडली. खास चासी परवडण्याइतकी घरं विकली जात नाहीत. म्हणून मोटारहोम आजही बहुधा मालवाहू गाडीच्याच चासीवर बसतं.

हारबुर्गची शाखा मात्र टिकली. टेम्पो हानोमागकडे गेली, हानोमाग-हेन्शेल पुढे डाइम्लर-बेंझकडे, आणि मॅटाडोरच्याच वंशातली पुढच्या चाकांची व्हॅन मर्सिडीज एल २०६ डी म्हणून विकली गेली. मोटारहोम बांधणाऱ्यांनी ती आनंदाने उचलली. इकडे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने याच घराण्यातली मॅटाडोर पुण्यात बनवली. भाजी, शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. जर्मनीतल्या तिच्या बहिणींमध्ये तेव्हा पलंग आणि शेगड्या बसत होत्या. १९७७ मध्ये मर्सिडीजने मागच्या चाकांची टी-१ आणली. तिच्यावर तिकडे मोटारहोम बांधणाऱ्या हायमर कंपनीची घरं चढली, आणि तिच्यावरूनच पुण्यात बजाज टेम्पोची १९८७ ची 'ट्रॅव्हलर' झाली. आपल्याकडच्या कॅराव्हॅन आज बऱ्याचदा ट्रॅव्हलरवरच बांधतात.

खानदान कळलं की देखभालही कळते. पुढच्या चाकांच्या गाडीत आधी गुडघ्यावर बसून चाकामागच्या जॉइंटवरचा रबरी बूट बघा. त्याच्या घड्यांत बारीक चीर असली तर ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला काळ्या शिंतोड्यांनी उडालेलं दिसतं. तेव्हाच बूट बदलला तर काम थोडक्यात भागतं. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कटकट ऐकू येऊ लागली की जॉइंटच गेला समजा. मागच्या चाकांच्या गाडीत लक्ष द्यायचं ते शाफ्टच्या क्रॉसकडे, डिफरन्शियलच्या ऑइलकडे आणि पाट्यांच्या यू-बोल्टकडे.

मालवाहू गाडी रोज धावते आणि रिकामी परतते. मोटारहोम महिनोन्‌महिने उभं असतं आणि सदैव भरलेलं. म्हणून त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत आहे एवढ्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडे वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी बदलावं.

आणि पाण्याची टाकी, सिलिंडर, माणसं असं सगळं भरून गाडी काट्यावर न्या. पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला. मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणाऱ्या भागात सामान कोंबलं की पुढचा भार उचलला जातो. पुढच्या चाकांच्या गाडीत मग ओल्या गवतावरून निघताना चाकं जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी जड सामान दोन अॅक्सलच्या मध्ये आणावं.