इमानाचा माळ

आमचे आबा विमानाला ‘इमान’ म्हणायचे. त्यामुळं कराडची धावपट्टी आमच्या घरात आजही ‘इमानाचा माळ’ आहे. कोयनेचा पूल ओलांडून वारुंजी फाट्यावरून पाटणच्या रस्त्याला लागलं, की ती जवळच आहे.

आबांची गोष्ट धरणापासून सुरू व्हायची, आणि ते बरोबरच होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९५५ साली ही पट्टी बांधली, ती कोयना धरणाच्या कामासाठी. एरवी मुंबईच्या साहेबानं पुण्याहून मीटरगेजच्या गाडीत बसायचं, ओगलेवाडीजवळच्या स्टेशनावर उतरायचं आणि मग पाटणवरून वर कोयनानगर गाठायचं. दिवस त्यातच जायचा.

‘‘घरघर ऐकू आली की आम्ही पोरं पळत सुटायचो, माळावरची गुरं हाकलायला,’’ आबा सांगायचे. गोष्ट चालू असताना ओगलेवाडीचाच प्रभाकर कंदील मधे असायचा आणि आम्ही नातवंडं भोवती. माळावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आबांना झबल्याच्या बाहीसारखी वाटायची. बाही फुगली की इमान कुठल्या अंगानं उतरणार, हे पोरं आधीच सांगायची म्हणे.

आजी मात्र या गोष्टीत कधी रमली नाही. ‘‘तिथं शाळू व्हायचा,’’ एवढंच ती म्हणायची आणि उठून जायची. तिचं ते एक वाक्य मला आबांच्या सगळ्या गोष्टींपेक्षा मोठं वाटतं.

पट्टी लहानच आहे, १२८० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. त्यामुळं छोटी विमानं, मंत्र्यांचे दौरे आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांचा सराव, एवढाच तिचा संसार. पुढं ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडं गेली, विस्ताराची आखणी झाली आणि वारुंजी, केसे, मुंढे, गोटे इथले शेतकरी विरोधात उभे राहिले. आता तिथं कोयनेच्या पाण्यावर ऊस उभा असतो. ज्या धरणासाठी माळ दिला, त्याच धरणानं अडवलेल्या नदीच्या पाण्यावर पिकलेलं रान पुन्हा मागितलं, तर माणूस कळवळणारच. मला त्यांचं म्हणणं पटतं.

विस्तार होवो न होवो, एक काम लगेच व्हावं. १९५५ साली ज्यांची रानं गेली त्यांची नावं गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून, जुने सातबारे काढून, विमानतळाच्या फाटकावर ठळक लिहावीत. आमच्या आबांना ती तोंडपाठ होती, आणि आम्ही ती वेळेत उतरवून घेतली नाहीत. तुमच्या घरी कुणी सांगणारं असेल, तर आजच वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.